२३०० दिवस आणि नसलेलं शून्य साल

भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष, हा हिशेब एकोणिसाव्या शतकात निघालेला नाही. बायबलच्या गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ या दोन वचनांवर तो बराच आधीपासून उभा होता. दोन्ही ठिकाणी ही सांगड त्या प्रसंगापुरतीच आहे; सरसकट नियम केला तो भाष्यकारांनी. अमेरिकेतल्या विल्यम मिलर या बॅप्टिस्ट शेतकऱ्याने १८१८ च्या सुमारास तोच नियम दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांना लावला. त्या दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल, असं ते वचन सांगतं; मिलरच्या लेखी ते पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी आणि ती शुद्ध होणार येशूच्या पुनरागमनाने.

अडचण अशी, की मोजणी कुठून धरायची हे आठव्या अध्यायात येतच नाही. म्हणून आरंभ नवव्या अध्यायातल्या सत्तर सप्तकांकडून (एक सप्तक म्हणजे सात वर्षं) उसना घेतला : यरुशलेम पुन्हा बांधण्याची आज्ञा. पण अशा आज्ञा एक सोडून चार सापडतात. इराणी राजांच्या या आज्ञा : कोरेशाची, दारयावेशाची आणि अर्तहशश्ताच्या दोन, सातव्या व विसाव्या वर्षातल्या. निवड झाली सातव्या वर्षाची, म्हणजे इ.स.पू. ४५७ ची, कारण तिथून ६९ सप्तकांची ४८३ वर्षं मोजली की येशूच्या बाप्तिस्म्याच्या आसपास पोचता येतं. एज्रा ७ मधला तो फर्मान मात्र मंदिराची उपासना, देणग्या आणि न्यायाधीश यांबद्दल बोलतो. तटबंदीचा विषय निघतो नहेम्या २ मध्ये. सगळ्या गणिताचा कच्चा दुवा हाच. उरलेली बेरीज-वजाबाकी तशी चोख होती.

चोख, एक चूक सोडून. २३०० उणे ४५७ म्हणजे १८४३. पुनरागमनाची मुदत धरली २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४. ती टळली, तेव्हा लक्षात आलं की इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य साल नाही. शिवाय एज्रा यरुशलेमात पोचला पाचव्या महिन्यात, तेव्हा आज्ञेचा अंमल शरद ऋतूपासून धरला. तिथून पुरी २३०० वर्षं १८४४ च्या शरदात भरतात. दिवस ठरला यहुदी सातव्या महिन्याचा दहावा, पवित्रस्थान शुद्ध करण्याचा प्रायश्चित्ताचा दिवस (लेवीय १६). रब्बींच्या पंचांगाने तो २३ सप्टेंबरला पडत होता. यहूदियातलं जव पिकण्यावरून वर्षारंभ धरणाऱ्या, रब्बींची परंपरा न मानणाऱ्या कराई यहुद्यांच्या पद्धतीने महिनाभर पुढे, २२ ऑक्टोबरला. दुसरा पर्याय घेतला गेला.

येशू आला नाही. दिवस उलटून गेल्यावर मिलरच्या काही अनुयायांनी (पुढचे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट) तारीख तशीच ठेवली, घटना तेवढी बदलली : शुद्ध व्हायचं पवित्रस्थान पृथ्वीवरचं नव्हे, स्वर्गातलं. याच शिकवणीला आव्हान दिल्यामुळे १९८० मध्ये त्या पंथाच्या डेस्मंड फोर्ड या ऑस्ट्रेलियन धर्मशास्त्र्याचं पाळकपद गेलं.

(बहुतेक अभ्यासक ८:१४ चा संबंध ग्रीक राजा अंतिओख चौथ्याने यरुशलेमचं मंदिर विटाळल्याशी, इ.स.पू. १६७ ते १६४ शी लावतात. त्यांतले काही २३०० ‘संध्याकाळ-सकाळ’ मिळून ११५० दिवस धरतात.)

शून्य सालाने पुढे आणखी एका पंथाला, यहोवाच्या साक्षीदारांना, गाठलं. यरुशलेमचा पाडाव इ.स.पू. ६०६ चा धरून, तिथून २५२० वर्षं मोजून त्यांनी १९१४ काढलं होतं. चूक ध्यानात आल्यावर १९१४ हललं नाही. पाडावच एक वर्ष मागे, ६०७ वर नेला. इतिहासकार तो पाडाव ५८७ किंवा ५८६ चा मानतात. ५८७ पासून तीच २५२० वर्षं मोजली तर १९३४ येतं.