विरून जाणारे हाड आणि लसिकेची गळती

मिरजेच्या दवाखान्यांसमोर सकाळी उभे राहिले, की जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, अगदी कर्नाटकातून आलेल्या माणसांच्या काखेत एक्स-रेची मोठी पाकिटे दिसतात. त्यांतली जुनी फिल्म अनेकांना अडगळ वाटते. गोरहॅम-स्टाउट या अतिदुर्मीळ विकारात मात्र ती फार मोलाची ठरते, कारण यात हाड हळूहळू विरून नाहीसे होते, आणि ते किती वेगाने चालले आहे हे दोन फिल्म शेजारी लावल्यावरच कळते.

अशा रुग्णाची जुनी नोंद १८३८ मधली, बोस्टनची आहे. त्या तरुणाच्या दंडाचे हाड विरून गेले होते. क्ष-किरणांचा शोध तेव्हा ५७ वर्षे दूर होता. पुढे १९५५ मध्ये गोरहॅम आणि स्टाउट यांनी २४ रुग्णांच्या नोंदी एकत्र अभ्यासल्या आणि हाडात वाढणाऱ्या वाहिन्यांशी या झिजेचा संबंध जोडला.

या वाहिन्या मुख्यतः लसिकेच्या असतात. लसिकासंस्था म्हणजे शरीराचा निचरा, आणि निचऱ्याचे महत्त्व कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. पाणी मुबलक दिले पण ते निघून गेले नाही, की इथली काळी जमीन क्षारपड होते. पेशींभोवती झिरपलेला द्रव गोळा करून पुन्हा रक्तात सोडणे हे लसिकावाहिन्यांचे काम. त्या हाडातच भलत्या फोफावल्या, की हाड खाणाऱ्या पेशी जोर धरतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी मागे पडतात.

सुरुवातीच्या एक्स-रेत हाडाच्या आत काही काळसर, विरळ ठिपके तेवढे दिसतात. ते साध्या ठिसूळपणासारखे वाटतात आणि नजरेतून निसटतात. पुढे ठिपके एकमेकांत मिसळतात, हाडाची बाहेरची टणक भिंत, जी फिल्मवर पांढऱ्या रेघेसारखी उमटते, ती तुटक होते, आणि लांब हाडाचे टोक चोखून निमुळत्या झालेल्या साखरेच्या कांडीसारखे दिसू लागते. सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी खूण अशी, की कडेला नवे हाड कुठेच धरत नाही. जंतुसंसर्गात किंवा हाडाच्या अनेक गाठींत शरीर कडेने भर घालू पाहते. इथे तसा प्रयत्नही दिसत नाही.

सीटी स्कॅनवर ही भिंत बारकाईने पाहता येते. ते आवश्यकही आहे, कारण सर्वांगी लसिका-विकृती या जवळच्या विकारात अनेक हाडांत पोकळ्या पडतात, पण भिंत बहुधा शाबूत राहते. एमआरआयमध्ये आसपासच्या मऊ भागात शिरलेले द्रवाचे जाळेही उजळून दिसते.

बरगड्या किंवा पाठीचे मणके बाधित असतील, तर खरी भीती छातीची असते. लसिका फुप्फुसाभोवती साचते, आणि सुईने काढलेले ते पाणी बरेचदा दुधासारखे पांढरे असते, कारण आतड्याने शोषलेली चरबी लसिकेतूनच वाहते. गळती नेमकी कुठे आहे हे शोधण्यासाठी सोनोग्राफीवर पाहत जांघेतील लसिकाग्रंथीत बारीक सुई घालतात, रंजकद्रव्य सोडतात आणि ते वर चढताना एक्स-रेवर किंवा एमआरआयवर त्याचा माग काढतात. बरगडीचा तुकडा तपासणीसाठी घाईने काढू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. त्या जखमेतूनच गळती सुरू होऊ शकते.

सिरोलिमससारख्या औषधाने काही रुग्णांत गळती आणि झीज आटोक्यात येते, परंतु गेलेले हाड सहसा भरून येत नाही. औषध लागू पडते आहे का, हे पाहण्यासाठी त्याच बाजूने, त्याच स्थितीत पुन्हा फिल्म काढून ती जुन्या फिल्मशेजारी धरावी लागते. मोबाईलवर काढलेल्या फोटोत ती बारीक पांढरी रेघ पुसट होते, तेव्हा मूळ फिल्म किंवा सीडीच सोबत आणावी.