वृद्धाश्रमातील छळ: तक्रार कोठे करावी आणि ती कोठे अडते

वृद्धाश्रमात आईला मारहाण झाली म्हणून मुलगी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करते आणि ‘हा विषय अधिकारकक्षेत येत नाही’ एवढ्या ओळीवर तो परत येतो, हे मी नाशिकमध्ये वारंवार पाहिले आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखालील, प्रांताधिकाऱ्यांपुढे चालणारे न्यायाधिकरण मुलांकडून किंवा नातेवाइकांकडून निर्वाहखर्च मिळवून देण्यासाठी आहे. कर्मचाऱ्याने मारणे, कोंडणे किंवा पैसे काढण्याच्या स्लिपवर फसवून अंगठा घेणे हे गुन्हे असून त्यांची तक्रार पोलीस ठाण्यातच द्यावी लागते. त्या कायद्यातील ९० दिवसांची मुदतही न्यायाधिकरणाने निकाल देण्याची आहे, अर्ज करण्याची नव्हे. ती टळली असे समजून गप्प बसलेली माणसे पाहिली की जीव तुटतो.

तक्रार देण्यास नाते लागत नाही. शेजारी, मैत्रीण किंवा आश्रमातलाच कर्मचारीही ती देऊ शकतो. मात्र अर्जात केवळ ‘मारले’ एवढेच लिहिले, तर साधी दुखापत अदखलपात्र (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असा गुन्हा) असल्याने हाती फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद पडते. खाटेला बांधले, खोलीत कोंडले, पैसे काढून घेतले असे जे जे घडले ते तारखांसह लिहावे, कारण बेकायदा कोंडून ठेवणे दखलपात्र आहे आणि अशा गुन्ह्याची नोंद, घटना दुसऱ्या हद्दीतील असली तरी, ठाण्याने घ्यावीच लागते. ‘आधी रेशनकार्ड आणा’ म्हणून परत पाठवणे चुकीचेच आहे. नोंद नाकारल्यास शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवावी.

सर्वाधिक अडते ते वैद्यकीय नोंदीपाशी. आजींची फाइल आणि आधार कार्ड आश्रमाच्याच कपाटात असते आणि ते मागण्यात दिवस जातात. एका आजींच्या दोन्ही मनगटांभोवती बांगडीसारखा जांभळा वळ होता, आणि आश्रमातल्या कामाच्या मावशी खोलीत आल्या की आजी हात पदराखाली घेत. लेक कागदांसाठी आठ दिवस थांबली. तोवर वळ पिवळा पडून गेला होता आणि फोटोही काढलेला नव्हता. म्हणून कागदांची वाट न पाहता त्याच दिवशी जिल्हा शासकीय रुग्णालयात न्यावे, दुखापत कशी झाली ते डॉक्टरांना सांगावे आणि एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणासाठीची वैद्यकीय नोंद करण्यास सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीही डाग पडतात, त्यामुळे डॉक्टरांचे मत दोन्ही बाजूंनी मोलाचे असते. कमरेखालचे बेडसोर (एकाच अंगावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), सैल होत गेलेले कपडे, दिवसाही न उतरणारी गुंगी आणि एकांतात बोलू न देणे, याही गोष्टींची नोंद ठेवावी.

आश्रम ट्रस्टचा असल्यास धर्मादाय आयुक्तांकडेही अर्ज करावा. सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ सुरू असते. जिवाला धोका असल्यास ११२ लावावा. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

साठीपुढील पुरुषांना आणि कोणत्याही वयाच्या महिलांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी राहत्या जागी यायचे असते. पण इथे राहती जागा म्हणजे तोच आश्रम असतो. जबाब कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीत घ्यावा असे लेखी मागावे आणि तक्रार देण्याआधीच आजी-आजोबांची त्या रात्रीपासून दुसरीकडे राहण्याची सोय करून ठेवावी.