तू कोणाचो रे?

गोव्यातल्या पेडण्याला एखादं अनोळखी पोर दारात आलं की म्हातारी माणसं त्याचं नाव विचारत नाहीत. "तू कोणाचो रे?" असं विचारतात. आजोबांचं नाव सांगितलं की पोराची ओळख पटते. काजूच्या झाडावर हुमले एकमेकांना दिवसभर हेच विचारत असतात. तिथे उत्तर चुकलं तर जीव जातो.

हुमले, ज्यांना काही जण ओंबील म्हणतात, ती पानं जोडून घरटं करणारी तांबडी मुंगी. शास्त्रीय नाव ईकोफिला स्मराग्डिना. बोंडू (काजूची फळं) गोळा करायला गेलेल्या प्रत्येकाने तिचा प्रसाद घेतलेला असतो. तिला नांगी नसते. ती जबड्याने कातडी धरते आणि पोट पुढे वळवून तिथेच फॉर्मिक आम्ल सोडते, म्हणून ती आग.

गेल्या हंगामात भाटातल्या (बागेतल्या) एका झाडावरची मुंगी मी काडीवर घेतली आणि पलीकडच्या झाडाच्या फांदीवर सोडली. समोरून आलेली मुंगी थबकली, तिच्या मिशा (पुस्तकात यांना शृंगिका म्हणतात) पाहुणीच्या अंगावरून एकदाच फिरल्या आणि पुढच्या क्षणी पाहुणीचा पाय तिच्या जबड्यात होता. मग पाच-सहा जणी धावल्या. प्रत्येकीने एकेक पाय धरून तिला चहूबाजूंनी ताणलं. थोड्या वेळाने मी पहिल्याच झाडावरच्या दोन लांबच्या घरट्यांमधली अदलाबदल करून पाहिली. मिशा लागल्या, आणि दोघी आपापल्या वाटेने गेल्या. मला या तिन्ही ठिकाणच्या मुंग्या एकसारख्याच दिसत होत्या.

खूण दिसण्यात नसतेच, ती अंगावरच्या मेणात असते. कीटकांच्या अंगावर मेणाचा अगदी पातळ थर असतो आणि त्याचं मूळ काम शरीरातलं पाणी टिकवण्याचं. तो हायड्रोकार्बनच्या लांब साखळ्यांनी बनतो. ही रसायनं हवेत फारशी उडत नाहीत, त्यामुळे ओळख पटवायला मिशा जवळजवळ अंगाला टेकवाव्या लागतात. एका जातीच्या सगळ्या वसाहतींमध्ये, म्हणजे मुंग्यांच्या एकेका कुटुंबात, रसायनं साधारण तीच असतात, बदलतं ते प्रमाण. एकाच गावात सगळ्यांच्या हुमणाला (माशांच्या कालवणाला) खोबरं-मिरची तीच, तरी प्रत्येक घरची चव निराळी, तसं काहीसं.

आता मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. मेणाचा हा वास काही अंशी आईबापांकडून मिळतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. बऱ्याच मुंग्यांच्या घशाजवळ एक ग्रंथी असते, तिच्यात हे हायड्रोकार्बन साठतात. मुंग्या एकमेकींना तोंडातून अन्न भरवतात, एकमेकींना चाटून साफ करतात, आणि तेव्हा प्रत्येकीचा थोडा वास दुसरीकडे जातो. सगळ्यांचा वास असा सतत एका हंडीत ढवळला जातो आणि वसाहतीचा सामाईक वास तयार होतो. क्रोझियर आणि डिक्स या संशोधकांनी 1979 मध्ये ही शक्यता मांडली. नुकत्याच जन्मलेल्या मुंगीला मात्र स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. म्हणून काही जातींच्या मुंग्या परक्या वारुळातले कोष पळवून आणतात, आणि त्यातून निघालेली मुंगी चोरांनाच घरचे समजून आयुष्यभर राबते.

मेंदूत हे कसं घडतं यावर अजून वाद आहे. 2005 मध्ये जपानी संशोधकांनी एका सुतार मुंगीच्या मिशीवर परक्या वासालाच प्रतिसाद देणारे संवेदी केस दाखवले. पुढे दुसऱ्या एका सुतार मुंगीवर झालेल्या प्रयोगांत घरच्या वासालाही प्रतिसाद मिळाला, म्हणजे निवाडा निदान काही अंशी आत, मेंदूत होत असावा.

हुमल्यांसाठी ही ओळख फार मोलाची. एका वसाहतीची घरटी दहा-बारा किंवा त्याहून जास्त झाडांवर पसरलेली असू शकतात, आणि मुंग्यांची संख्या पाच लाखांपर्यंत जाऊ शकते. सगळ्या कामकरी मुंग्या माद्या. मोठ्या अंगाच्या बाहेर फिरतात आणि लढतात, लहान आत राहून पिल्लं सांभाळतात. हद्दीवरच्या घरट्यांत वयस्कर मुंग्या ठेवलेल्या असतात, कारण तिथे मरण जवळ असतं. शेजारच्या वसाहतीशी त्यांचं सर्वांत वाकडं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात त्या दूरच्या परक्यांपेक्षा शेजाऱ्यांवर जास्त तुटून पडताना आढळल्या. मला ते पटतं, कारण झाड हिरावणारा दूरचा नसतो.

या पहाऱ्यातूनही चोर सुटतोच. ऑस्ट्रेलियात कॉस्मोफॅसिस बिटिनिआटा नावाचा उड्या मारणारा कोळी हुमल्यांच्या घरट्यात शिरून त्यांच्या अळ्या खातो. त्या अळ्यांमधूनच त्याच्या अंगावर वसाहतीचा वास चढतो आणि मुंग्या त्याला घरचा समजतात.

काजू बागायतदाराला यात मोठा अर्थ आहे. चीनमध्ये सुमारे 304 सालच्या मानल्या जाणाऱ्या एका ग्रंथात संत्र्यांच्या बागेसाठी पिशवीत भरून या मुंग्या विकल्या जात असल्याची नोंद आहे. ऑस्ट्रेलियात काजूवर ढेकण्याच्या (झाडाचा रस शोषणाऱ्या किड्याच्या) जातीतली कीड हुमल्यांनी आटोक्यात ठेवली. आमच्याकडेही कोवळ्या पालवीवर आणि मोहरावर ढेकण्याच बसतो, त्यामुळे झाडावर घरटं दिसलं की जाळून टाकणं मला अगदी चुकीचं वाटतं. पण घरटं दुसऱ्या झाडावर नेताना ते कोणत्या वसाहतीचं आहे हे पाहायलाच हवं. दोन वसाहती एका झाडावर आल्या की त्या आपसात लढत बसतात, आणि तेवढ्यात ढेकण्याचं फावतं. म्हणून आधी एकच मुंगी काडीवर घेऊन पलीकडच्या फांदीवर सोडावी आणि मिनिटभर उभं राहावं. मिशा लावून ती पुढे चालू लागली, तर मुंग्यांना ये-जा करायला दोन झाडांमध्ये बेलाशक दोरी बांधावी.