अफूची पेटी ते सोयाबीनचं पोतं

इंदूरच्या छावणी मंडीत ऑक्टोबरमध्ये गेलं की सोयाबीनच्या ढिगांतून वाट काढावी लागते. व्यापारी मूठभर दाणे उचलतो, तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली फोडून ओल बघतो आणि बोली सुरू करतो. त्या बोलीत मलेशियाचं पामतेल आणि अर्जेंटिनाचं सोयातेल यांचा भाव आधीच धरलेला असतो. छोट्या मुलखाला जगाचा बाजार मानवतो का, हा प्रश्न आपल्याकडे १९९१ च्या उदारीकरणापासूनचा समजला जातो. इंदुरात तो त्याहून कितीतरी जुना आहे.

होळकरांचं राज्य सुमारे साडेनऊ हजार चौरस मैलांचं, म्हणजे आजच्या स्लोव्हेनिया देशाहून थोडं मोठं. १९०१ च्या शिरगणतीत वस्ती साडेआठ लाख. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला इंग्रजांकडून हार झाली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, आणि बाहेरच्या सत्तांशी परस्पर बोलण्याचा हक्क गेला. दिवाण तात्या जोगांनी राजधानी इंदुरात आणून घडी बसवली. हक्क गेला, पण शेतात मात्र असं पीक होतं की ज्याला थेट चीनमध्ये गिऱ्हाईक होतं.

ते पीक अफूचं. हिरव्या बोंडाला बारीक चिरे द्यायचे, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडायचा, तो वाळू नये म्हणून जवसाच्या तेलात ठेवायचा. घरातली बायका-पोरं सगळी त्यात राबत. पुढे गोळे करून साधारण १४० पौंडांची पेटी भरली जाई. ईस्ट इंडिया कंपनीनं आधी माळव्यातली सगळी अफू आपणच विकत घ्यायची असं ठरवून संस्थानांशी करार केले. शेतकरी आणि सावकार दोघेही बिथरले. माल पाली-जैसलमेरच्या वाटेनं कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला चोरून जाऊ लागला. शेवटी कंपनीनं मक्तेदारीचा नाद सोडला आणि परवान्याची पद्धत आणली. मुंबईला माल न्यायचा तर पेटीमागे १७५ रुपये भरा. चोरवाट चालूच राहिली, म्हणून १८३५ मध्ये ते १२५ वर उतरवावे लागले.

मग १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतलं आणि कराचीची वाट बंद झाली. त्याच वर्षी शुल्क २०० झालं, १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४००, आणि १८६० नंतर ६०० वर गेलं. माल तोच, मेहनत तीच. छोट्या राज्याच्या व्यापाराचा इतिहास मला या आकड्यांत सगळ्यात स्पष्ट दिसतो. दुसरी वाट होती तोवर घासाघीस करता येत होती.

तरी या व्यापारानं इंदूर उभं केलं, हे नाकारता येणार नाही. सराफ्यातल्या पेढ्या, मुंबईवरच्या हुंड्या, इथली सट्ट्याची सवयसुद्धा त्यातूनच आली. (त्या पैशाच्या दुसऱ्या टोकाला चीनमधली व्यसनानं पोखरलेली घरं होती, आपल्या शहराच्या वैभवाबद्दल लिहिताना हे लिहायलाच हवं.) दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीनं. त्याच सुमारास राज्याची कापडगिरणीही सुरू झाली. माझ्या मते होळकर दरबाराचा हा सगळ्यात दूरदर्शी खर्च. अफूचा बाजार उठला तेव्हा हाताशी दुसरं काहीतरी होतं ते यामुळेच.

आणि बाजार उठलाच. १९०७ मध्ये ब्रिटन आणि चीन यांच्यात समझोता झाला की दहा वर्षांत ही निर्यात टप्प्याटप्प्यानं संपवायची. प्रत्यक्षात १९१३ मध्येच ती थांबली. निर्णय न्यायाचा होता. पण माळव्यातल्या संस्थानांना त्या बैठकीत जागा नव्हती.

पुढची पाऊणशे वर्षं कापडाची. शेठ हुकुमचंद यांच्यासारख्यांनी गिरण्या काढल्या, पहिल्या महायुद्धात परदेशी कापड कमी झालं तेव्हा त्यांना बरकत आली, आणि परदेशीपुरा-मालवा मिल भागात कामगारांच्या वस्त्या वसल्या. त्यात मराठी कुटुंबंही होती. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तारखा जुळतात म्हणून पुष्कळ जण उदारीकरणाला दोष देतात. मला ते पटत नाही. जुनी यंत्रं आणि पॉवरलूमची स्पर्धा यांनी गिरण्या आधीच पोखरल्या होत्या. कामगारांच्या थकीत रकमेचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षांत कितीतरी कामगार गेले. अनंत चतुर्दशीच्या रात्री मात्र गिरण्यांच्या नावानं झांक्या, म्हणजे चित्ररथ, अजून निघतात. भोंगा कधीच न ऐकलेली पोरं आजोबांच्या गिरणीची झांकी बघायला रात्रभर जागतात.

मॉरिशसची गोष्ट याच वळणाची आहे. तिथंही मराठी घरं आहेत, त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांत राबायला गेले. त्या देशाला १९७५ पासून युरोपात साखरेचा बांधील भाव मिळाला, आणि १९७० च्या कायद्यानं निर्यातीसाठी कापडउद्योग उभा राहिला. कापडाच्या आयातीवरची जागतिक मर्यादा (कोटा) २००५ मध्ये उठली, साखरेचा करार २००९ मध्ये संपला. दोन्ही निर्णय बाहेरचे. पण भरभराटीच्या काळात माध्यमिक शिक्षण मोफत केलेलं होतं, म्हणून पुढची पिढी बँका आणि पर्यटनाकडे वळू शकली.

माळवा वळला सोयाबीनकडे. पूर्वी इथल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात बरंच रान पडीक असे, गहू-हरभरा रब्बीत. १९७० नंतर त्या रिकाम्या चार महिन्यांत हे पीक बसलं आणि ‘पिवळं सोनं’ झालं. दाण्यात तेल जेमतेम अठरा-वीस टक्के. बाकी पेंड, ती कोंबड्यांच्या खाद्यासाठी परदेशी जाते. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली. गिऱ्हाइकाला तेल स्वस्त मिळालं, हा फायदा खरा आहे. माझ्या स्वयंपाकघरातही तो आहे. भार पडला तो सोयाबीनवाल्यावर.

सप्टेंबर २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि मंडीतला भाव त्याखाली, तेव्हा सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. मे २०२५ मध्ये ते १० वर आणलं. त्या ऑक्टोबरात छावणीत देवासकडचे एक काका भेटले. बोली ऐकून त्यांनी अर्धीच पोती उतरवली होती, उरलेली ट्रॉलीत तशीच ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. शुल्काचं पुढे काय होणार, हे ते मला विचारत होते.