फत्तेगंजातली दोन चर्च

‘तुम्ही सीएनआयचे का मेथडिस्ट?’ बडोद्याच्या फत्तेगंजात हा प्रश्न गाव विचारावं इतक्या सहज विचारला जातो. सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आणि मेथडिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथ. दोन्ही चर्च एकाच वस्तीत, बायबल तेच, नाताळ तोच. मग पाट्या दोन का? याचं उत्तर नागपुरात आहे.

सीएनआयचं चर्च मूळचं अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाचं, लष्करी कॅम्पातल्या इंग्रजांचं. १८२५च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर मुंबईकडे जाताना बडोद्याला थांबले आणि त्यांनी कॅम्पातल्या नव्या चर्चचं समर्पण केलं. सबंध हिंदुस्थानला तेव्हा हा एकच अँग्लिकन बिशप. पहिला भारतीय अँग्लिकन बिशप व्हायला १९१२ उजाडलं. ते व्ही. एस. अझरय्या. १९१९ साली तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला जमलेल्या वेगवेगळ्या पंथांच्या ज्या पाळकांनी ‘ही फाटाफूट आमची नव्हे, बाहेरून आमच्यावर लादलेली आहे’ असं बजावलं, त्यांत ते पुढे होते.

वेगवेगळ्या पंथांच्या ऐक्याच्या अटी अँग्लिकनांनी १८८८ सालीच लॅम्बेथ परिषदेत, म्हणजे जगभरच्या आपल्या बिशपांच्या सभेत, मांडल्या होत्या: बायबल, विश्वासाचे प्राचीन अंगीकार (श्रद्धा जाहीर करणारे जुने मजकूर), बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन विधी, आणि बिशपपदाची परंपरा. पहिल्या तिन्हींवर फारसा वाद नव्हता. घोडं अडलं ते चौथ्यापाशी. बिशपाचा हात डोक्यावर न ठेवता पाळक झालेला माणूस खरा पाळक का? दक्षिण भारतात १९४७ साली असं ऐक्य झालं तेव्हा त्यांनी जुन्या पाळकांना आहे तसं स्वीकारलं, आणि इंग्लंडातले कर्मठ अँग्लिकन भडकले.

उत्तरेने धडा घेतला. १९२९ला सुरू झालेली बोलणी ४१ वर्षं चालली. इथे कळत्या वयातच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते, त्यामुळे आणखी एक पेच: बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की कळत्या वयात? तोडगा निघाला तो मला आजही शहाणपणाचा वाटतो: दोन्ही पद्धती चालतील, ज्याने त्याने आपली पाळावी. २९ नोव्हेंबर १९७०, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा मंडळ्या, म्हणजे सहा वेगळी चर्च, एक झाल्या आणि सीएनआय जन्मलं. हाताच्या प्रश्नावरची युक्ती तर बघण्यासारखी. सगळ्यांनीच एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले, अँग्लिकन बिशपांच्याही. कोण कोणाला पुरं करतंय हे मुद्दामच उघड केलं नाही.

सातवी मंडळीही यायची होती: अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट. त्यांनी ऐन वेळी, काही महिने आधी, अंग काढून घेतलं. बडोद्यात मेथडिस्टांचं बळ मोठं, म्हणून ती फट इथे अजून दिसते.

मराठी घरांत मात्र एक ऐक्य ठरावाशिवाय होऊन गेलं होतं. रेव्हरंड ना. वा. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, अँग्लिकन नव्हेत. पण त्यांची भजनं अँग्लिकनांनी गायची की नाही, यासाठी कुठलीच समिती बसली नाही. पेटी आली, टाळ आले, गायला लागले.