इंत्रूज (बेळगाव भाग)

ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागायच्या आधी जे खाण्यापिण्याचे दिवस असतात त्यांना कोकणीत इंत्रूज म्हणतात. उपवासकाळ राखेच्या बुधवारी (अ‍ॅश वेन्सडे) सुरू होतो, त्याच्या आधीचा शनिवार ते मंगळवार असे चार दिवस धरायचे, त्यातला मंगळवार मुख्य. बेळगाव शहर, कॅम्प, खानापूर, नंदगड या बाजूला बरीच कॅथलिक वस्ती आहे, घरात कोणी कोकणी बोलतं कोणी मराठी आणि बाजारात कन्नड, तर या घरांमधला हा सण. चर्चच्या कॅलेंडरात याला सण म्हणून जागा नाही, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) वगैरे काही वेगळा नसतो, सगळं काम घरच्या चुलीवर.

शेजारी गोव्यात याचाच मोठा कार्निवल झालाय, १९६५ पासून तिथं मोठी मिरवणूक निघते, किंग मोमो (कार्निवलचा नावापुरता राजा) येतो आणि खा प्या मजा करा असा हुकूम सोडतो, चित्ररथ, बँड, सगळं. त्यामुळं बऱ्याच लोकांना वाटतं इंत्रूज म्हणजे नाचगाणं आणि पर्यटन, पण तेवढंच बघितलं तर मूळ गोष्ट राहूनच जाते असं मला मनापासून वाटतं. मूळ गोष्ट अशी की पूर्वीच्या नियमात उपवासाच्या चाळीस दिवसांत मटण-मांस तर बंद होतंच, शिवाय अंडी, दूध, लोणी, चीज हेही बंद, आणि फ्रीज नसलेल्या काळात घरात असलेलं हे सगळं चाळीस दिवस ठेवून करणार काय? मग मंगळवारच्या आत संपवायचं. युरोपात त्या दिवशी अंडी-दूध-लोणी घालून पॅनकेक करायची पद्धत यातूनच आली आणि गोव्यातली आळेबेळे त्याच घराण्यातली वाटते. अंडं आणि दूध घातलेली मैद्याची पातळ पोळी तव्यावर काढायची, आत ओलं खोबरं आणि गूळ भरून गुंडाळी करायची. गोव्यात त्याला माडाचा काळा गूळ लागतो, बेळगाव भागात उसाचा गूळ कधीही मिळतो तर तो घातला तरी चालतं की, चव वेगळी येते पण वाईट नाही.

मुख्य पदार्थ मात्र सोरपोतेल, त्याबद्दल जरा सविस्तर सांगायलाच पाहिजे. डुकराचं मांस, थोडी चरबी, काळीज, हृदय असं सगळं आधी मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवून घ्यायचं, मग गार झाल्यावर अगदी बारीक चौकोनी तुकडे करायचे, आणि हे काम खरंच वेळखाऊ आहे, घरातली सगळी मंडळी पाट-सुरी घेऊन बसली तरच उरकतं, तुकडे मोठे राहिले तर ते सोरपोतेल होत नाही साधं मटण होतं. मग ते तुकडे त्यांच्याच चरबीत परतायचे आणि त्यात वाटलेला मसाला घालायचा, लाल मिरची, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, आलं, भरपूर लसूण, सगळं व्हिनेगरमध्ये वाटलेलं. रंगाला ब्याडगी मिरची, ती हावेरी जिल्ह्यातली म्हणजे या भागाला घरचीच. पण केल्या दिवशी खाण्यात अर्थ नाही, व्हिनेगर मांसात मुरायला दोन-तीन दिवस तरी पाहिजेत. रोज एकदा मंद आचेवर गरम करायचं आणि परत झाकून ठेवायचं, तिसऱ्या दिवशी वर लाल तेलाचा तवंग येतो आणि आंबट-तिखट वास पार दारापर्यंत जातो. म्हणून मंगळवारी ताटात पाहिजे असेल तर शनिवारीच भांडं चढवावं लागतं, चार दिवसांचा हिशोब इथं बरोबर बसतो.

सोबत सान्ना, म्हणजे तांदूळ-खोबऱ्याचं पीठ आंबवून वाफवलेली, इडलीसारखी पण जरा गोडसर. खरी पद्धत माडाची सूर (माडी) घालून आंबवायची, पण सूर ही किनाऱ्याकडची गोष्ट, वर पठारावर यीस्टवर भागवतात. चोरीस (व्हिनेगर, मिरची, लसूण लावलेलं मांस आतड्यात भरून वाळवलेलं, माळेसारखं बांधलेलं) असेल तर ते कांदा-बटाट्याबरोबर परतून पावात. गोडात दोदोल, बेबिंका, आणि बेळगाव म्हटल्यावर कुंदा आलाच, दूध-खवा-साखर आटवून केलेला, कुठल्याही धर्माच्या घरी चालतो. डुकराचं न खाणाऱ्या शेजाऱ्यांना काय द्यायचं हा प्रश्न असल्या गोड पदार्थांनी सुटतो, डबा गेला की पलीकडून "घ्या की ओ थोडं" म्हणत दुसरं काहीतरी येतंच.

तारीख दरवर्षी बदलते. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, आणि त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, मधले सहा रविवार उपवासात मोजत नाहीत म्हणून चाळीस. बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्यामध्ये कधीही येतो. हिशोब चंद्राचा असल्यानं तो अमावस्येच्या आसपास पडतो आणि बऱ्याच वर्षी महाशिवरात्रीला लागूनच येतो. २०२२ मध्ये शिवरात्र १ मार्चला आणि राखेचा बुधवार २ मार्चला, म्हणजे एकाच मंगळवारी एका घरी साबुदाणा तर शेजारी सोरपोतेल. २०२६ ला शिवरात्र १५ फेब्रुवारी, बुधवार १८ फेब्रुवारी आणि रमजानही त्याच आठवड्यात. अधिक महिन्यामुळं कधीकधी गणित महिन्यानं सरकतं, २०२४ ला बुधवार १४ फेब्रुवारीला होता आणि शिवरात्र ८ मार्चला.

मराठी वाचकाला हे सगळं गटारीसारखं वाटणार आणि ते बरोबरच आहे, आषाढ अमावस्येला मटण आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण, विचार तोच. फरक एवढा की आजच्या कॅथलिक नियमात सक्ती फार थोडी उरलीय. पोप पॉल सहावे यांनी १९६६ मध्ये नियम सैल केले, आता राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी उपवास (एक पूर्ण जेवण, बाकी दोन वेळा अगदी थोडं) तोही १८ ते ५९ वयाच्या लोकांना, आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, ते १४ वर्षांच्या वरच्या सगळ्यांना. अंडी, दूध, मासे चालतात. तरी आपणहून चाळीस दिवस मटण किंवा दारू सोडणारे लोक आहेत, आणि त्यांच्यासाठी इंत्रूजचा मंगळवार खरोखर शेवटचा दिवस असतो, बाकीच्यांनी याला नुसती पार्टी समजू नये.

बेळगावचा धर्मप्रांत १९५३ चा, त्याआधी इथली चर्चेस गोवा आणि पुण्याकडे होती, खाण्यातली गोव्याची छाप बघितली तर ते लगेच पटतं. इथले प्रोटेस्टंट वेगळे, लंडन मिशनचं काम १८२० मध्ये सुरू झालं आणि नंतर मेथडिस्टांकडे गेलं, त्यांच्यात उपवासाची अशी सक्ती नाही त्यामुळं इंत्रूजही नाही.

बुधवारी कपाळाला राख लावतात, ती आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आणलेल्या झावळ्या जाळून केलेली. घरी त्या दिवशी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं किंवा सुका बांगडा. उपवासकाळात शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट (येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटचालीची प्रार्थना) आणि जेवणात माशाची आमटी, मासा गोवा-कारवारकडून घाट चढून येतो. चोरीस उरलं असेल तर त्याची काळजी नाही, ते वाळवलेलं असतं, ईस्टरपर्यंत आरामात टिकतं.