गल्लीतला पडदा: इंदूरच्या मोहल्ल्यांत पर्यावरणपट कुठून आले

इंदूरच्या गल्लीत माहितीपट दाखवायचा असेल तर तो किती लांबीचा असावा, हे आधी सूर्य ठरवतो आणि मग लाउडस्पीकरचे नियम. जूनमध्ये इथे सूर्यास्त सव्वासातच्या आसपास होतो आणि पडद्यावर चित्र नीट उठायला त्यानंतर निदान अर्धा तास जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. हातात उरतात सव्वादोन तास. माणसं जमायला वीस मिनिटं आणि शेवटी बोलायला पाऊण तास धरला, तर चित्रपटाला जेमतेम तासभर मिळतो. डिसेंबरात सूर्य पावणेसहालाच मावळतो, पण थंडीत साडेआठ वाजले की सतरंजी रिकामी होऊ लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात आणि मध्य प्रदेश कोलाहल नियंत्रण अधिनियम, १९८५ खाली लाउडस्पीकरवर बहुधा बंदीचा आदेश निघतो. मग राहतात एप्रिल ते मध्य-जूनच्या ‘शब-ए-मालवा’तल्या गार रात्री, आणि पुढे गणपती ते दिवाळी.

चादरीएवढा पडदा, एक प्रोजेक्टर, पन्नास-साठ माणसं आणि खत, पाणी, प्लास्टिक किंवा बियाण्यांवरचा एखादा माहितीपट, एवढं पाहून हा प्रकार अलीकडचा वाटतो. पण कसं राहावं हे रस्त्यावर मांडून दाखवायची रीत या शहरात शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि सुरुवातीला तिच्यात पडदा नव्हताच.

१९१७-१८ मध्ये स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबारासाठी काम करत होते. शहरात प्लेगची भीती होती आणि नकाशे घेऊन गल्लीबोळांत फिरणाऱ्या या परक्या माणसाबद्दल संशयही होता. गेडिसनी दरबाराकडून एका दिवसापुरता ‘महाराजा’चा मान मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक स्वतः आखली. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या वस्तीत घरांची सफाई आणि डागडुजी सर्वांत चांगली होईल तिथून जाईल, अशी दवंडी पिटली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि त्यांच्यामागून स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर दोघेही जाळले. १९१८ मध्ये गेडिसचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत निघाला. सांडपाणी लांब नेऊन टाकण्यापेक्षा ते बागांच्या कामी आणावं, ही त्यातली त्यांची आवडती कल्पना.

अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंद, राजकुमार, मालवा, स्वदेशी या कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघत जी पिढी रस्त्याच्या कडेला बसून मोठी झाली, तिला या मिरवणुकीचं नवल वाटणार नाही. रात्री गल्लीत बसून काहीतरी बघायचं आणि त्यावर बोलत घरी जायचं, ही सवय इथे सिनेमाने लावलेली नाही. पुढे सिनेमाला ती आयतीच मिळाली.

दुसरा धागा खताचा, आणि तो जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण आजच्या मोहल्ल्यातल्या खेळांत सर्वांत जास्त येणारा विषय हाच. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’चे प्रमुख झाले. जमीन होळकर दरबाराने दिली होती. आजचं कृषी महाविद्यालय तिथेच आहे. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इथे बसवलेली कंपोस्टची रीत १९३१ च्या पुस्तकातून ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. हॉवर्डचं नाव सगळ्यांना माहीत असतं, वाडांचं इंदूरच्या मराठी माणसालाही क्वचितच.

पद्धत अशी. खड्डा साधारण ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल, कडा उतरत्या. आकारमानाने तीन भाग पालापाचोळा-काड्या आणि एक भाग शेण, शिवाय गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख, हे सगळं थर देऊन भरायचं. पहिली पलटणी, म्हणजे ढीग खालीवर करणं, सोळा दिवसांनी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. नव्वद दिवसांत खत तयार. गल्लीत एवढा खड्डा कोण देणार? पण तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच असा विटांचा जाळीदार हौद पुरतो. त्याहून लहान ढीग गरमच होत नाही, आणि गरम झाला नाही तर त्यात तणाचं बी तसंच जिवंत राहतं.

माहितीपटात हे सगळं दीड मिनिटात उरकतं: साल टाकली, काळी माती निघाली. पलटणी कापलेली असते, कारण ती बघायला कंटाळवाणी. घरी जाऊन लोकांचं बिघडतं ते नेमकं तिथेच. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ओला कचरा किंवा शेण जास्त झालंय, कोरडी पानं किंवा भुसा घालावा. सडक्या अंड्याचा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी, लगेच पलटी मारावी. काहीच होत नसेल तर बहुतेक कोरडं पडलंय. मूठभर घेऊन दाबावं, पिळलेल्या फडक्याइतका ओलावा हाताला लागला पाहिजे, थेंब पडता कामा नये. म्हणूनच या विषयावरचा खेळ ठेवताना पडद्याशेजारी दोन महिने जुन्या खताची बादली आणि एक बिघडलेली बादली ठेवतात. बिघडलेलीभोवती गर्दी जास्त होते.

पडद्याचा इतिहास इथून समांतर चालतो. मराठी मुलखात कल्याणच्या महादेव पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’, म्हणजे काचेवरची रंगीत चित्रं दिव्याने पडद्यावर टाकणारा कंदील, १८९२ पासून खेळ करत होती. दादासाहेब फाळक्यांनी भांडवल मिळवण्यासाठी १९१२ मध्ये काय दाखवलं? कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते, रोज थोडं थोडं चित्रित करून. पौराणिक चित्रपटाच्या आधी आपल्याकडे अंकुराचा चित्रपट झाला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सरकारी टप्पा १९४८ चा. फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि चित्रपटगृहांना मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त माहितीपट दाखवणं सक्तीचं झालं. लोक तेवढ्यात शेंगदाणे घेऊन यायचे. गल्ल्या-गावांत गेले ते १६ मिलिमीटरचे प्रिंट. १९५३ पासून क्षेत्रीय प्रचाराच्या गाड्या प्रोजेक्टर, पडदा आणि जनरेटर घेऊन फिरू लागल्या. ३५ मिलिमीटरची जुनी नायट्रेट फिल्म पेट घ्यायची, १६ मिलिमीटरची मात्र सुरुवातीपासून ‘सेफ्टी’ फिल्म होती, म्हणून ती उघड्यावर, शाळेत, मंदिराच्या ओट्यावर लावता येई. चारशे फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं, सोळाशे फुटांचं चव्वेचाळीस. फिल्मचा वळसा सैल-घट्ट झाला की चित्र थरथरायचं. रीळ अडकलं की दिव्याच्या उष्णतेने ती चौकट पडद्यावरच तपकिरी होऊन वितळताना दिसायची. ध्वनिपट्टी वाचणारा छोटा दिवा गेला की चित्र चालू आणि आवाज बंद.

पण त्या यंत्राने नकळत एक चांगली सवय लावली. प्रोजेक्टर एकच असल्याने रीळ बदलताना दोन-तीन मिनिटं दिवे लागायचे, आणि तेवढ्यात कृषी किंवा आरोग्य खात्याचा माणूस बोलायचा, लोक विचारायचे. चर्चा शेवटी होण्याऐवजी मधेच व्हायची. डिजिटल आल्यावर ही फट बुजली आणि चित्रपट संपताच अर्धी माणसं चपला शोधू लागली. आता जाणते आयोजक पंचवीस-तीस मिनिटांनी मुद्दाम थांबवतात. हा मध्यंतर चहासाठी नको. चहा आला की प्रश्न गेले.

१९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर पसरले आणि पडदा सरकारच्या हातून सुटला. एकवीस इंची टीव्हीपुढे पंचवीस-तीस माणसं, बैठकीची खोली, दार लोटलेलं. इंदूरला याच काळात एक अडचणीचा विषय मिळाला, नर्मदा. शहराच्या नळाला नर्मदेचं पाणी १९७८ पासून येतं. ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून पंपाने आणलं जातं. त्याच नदीच्या खोऱ्यात पुढे सरदार सरोवराच्या बुडिताविरुद्धचं आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे १९९० पासून बडवानीजवळ कसरावदला राहू लागले, आणि १९९५ मध्ये आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांचा नर्मदेवरचा माहितीपट आला. ज्या नदीचं पाणी माठात, तिचीच माणसं पडद्यावर, त्यामुळे असा माहितीपट ‘सोपा’ ठरत नाही. अशा खेळात जलूदचा पंप आणि सरदार सरोवर या दोन वेगळ्या योजना आहेत, हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर पुढचा पाऊण तास त्याच गोंधळात जातो. व्हीएचएसची, म्हणजे व्हीसीआरच्या कॅसेटची, स्वतःची खोड वेगळी: नकलेची नक्कल काढली की तिसऱ्या पिढीत रंग फुटतात आणि उपशीर्षकं वाचवत नाहीत.

२००४ हे दुसरं वळण. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाने भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली. विरोधानंतर ती मागे घेतली गेली, पण बरेच चित्रपट निवडीतच गळले. दिग्दर्शकांनी शेजारीच ‘विकल्प’ नावाने समांतर महोत्सव भरवला. छोट्या गटांनी स्वतः खेळ लावण्याच्या चळवळीला त्याने बळ दिलं. पुढे ५ जून २००९ ला पृथ्वीवरचा ‘होम’ हा फ्रेंच माहितीपट एकाच दिवशी चित्रपटगृहं, दूरचित्रवाणी आणि इंटरनेटवर जगभर आणला गेला, इंटरनेटवर तर फुकट. पर्यावरणपट मोफत मिळतो ही समजूत तेव्हापासून घट्ट झाली, आणि ती अर्धीच खरी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळांनी तिकीट न लावता केलेल्या प्रयोगांना सूट आहे, पण ती साहित्य, नाटक आणि संगीताला. चित्रपट तिच्यात येत नाही. शाळेला चित्रपट दाखवण्याची मुभा आहे, तीही विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित लोकांपुरती. म्हणून दिग्दर्शकाला दोन ओळींची ईमेल पाठवून लेखी होकार घ्यावा. बहुतेक जण आनंदाने देतात.

इंदूरचा ताजा अध्याय कचऱ्याचा आहे. घरोघर ओला-सुका वेगळा उचलणं २०१७ पर्यंत ८५ प्रभागांत पोचलं आणि त्याच वर्षापासून शहर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येत राहिलं. १९ फेब्रुवारी २०२२ ला देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे कचरा डेपोवर, रोज ५५० टन ओल्या कचऱ्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. याचा खेळांवर एक गमतीचा परिणाम झाला: ‘कचरा वेगळा करा’ सांगणारा माहितीपट इथे चालत नाही, प्रेक्षक हसतात. मुळात कचरा कमी कसा करायचा, विकत कमी कसं घ्यायचं, वीज-पाण्याचं काय, हे विषय चालतात. गाडी रोज दारात येते म्हणून घरचा खताचा हौद बंद केला, असं म्हणणारेही भेटतात आणि त्यांचा मुद्दा सहज खोडता येत नाही.

आता मांडणीचं. दहा फूट रुंद पडद्याला प्रोजेक्टर साधारण पंधरा फुटांवर लागतो आणि तीन हजार ल्युमेन इतका उजेड पुरतो, मात्र समोरचा पथदिवा झाकलेला किंवा पाठीमागे हवा. सतरंजीवर बसणार असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर, खुर्च्या असतील तर पाच, नाहीतर उपशीर्षकं डोक्यांआड जातात. उपशीर्षकं इंग्रजीत असतील तर ती वाचून दाखवणारा एक माणूस माइकवर बसवावा. रामबागेच्या गल्लीत आजी मराठीत ऐकेल आणि शेजारचे हिंदीत, तेव्हा निवेदकाला दोन्हींत ये-जा करता यायला हवी. पडदा चारही कोपऱ्यांना आणि मधेही बांधावा, वारा आला की त्याचं शीड होतं. आवाज ब्लूटूथवरून घेतला की ओठांच्या मागे पडतो, तार लावावी. स्पीकर घुमू लागला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा, बहुतेकदा दोष अर्थिंगचा असतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, म्हणून एक मोठा कर्णा पुढे लावण्यापेक्षा दोन छोटे स्पीकर प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंना, आतल्या दिशेने तोंड करून ठेवावेत. वीज जाणं गृहीत धरावं: तीनशे वॅटचा प्रोजेक्टर दीडशे अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे तीन तास निघतो. जुन्या, दिवा असलेल्या प्रोजेक्टरचा प्लग एकदम उपटू नये, पंखा दोन-तीन मिनिटं चालू द्यावा, नाहीतर महागडा दिवा लवकर जातो.

गणपतीत मांडव, सतरंज्या, माइकची परवानगी आणि माणसं सगळं आयतं असतं, म्हणून बरेच खेळ त्या दहा दिवसांत लागतात. त्रास फक्त किड्यांचा. प्रोजेक्टरच्या झोतात शिरलेला एकेक पतंग पडद्यावर कबुतराएवढा दिसतो आणि मुलं चित्रपट सोडून तोच बघतात. वीस-पंचवीस फुटांवर, पडद्याच्या विरुद्ध दिशेला, अर्धा तास आधी एक साधा पांढरा बल्ब लावून ठेवला की बरेच तिकडे जातात.